सायकल, खूण आणि फोटो : परिसर अभ्यासाचा एक फिरता खेळ



आधी एक छोटासा प्रयोग करा. डोळे मिटा आणि तुमच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट एखाद्या पाहुण्याला सांगा. मात्र रस्त्याचं नाव नाही, मोबाईलवरचा नकाशा नाही, फक्त खुणा सांगायच्या. 'चिंचेच्या झाडापासून डावीकडे, मग पडकी विहीर, पुढे गावदेवीचं देऊळ' अशा. किती खुणा आठवल्या?

मी हा प्रयोग आमच्या सहावीच्या वर्गात केला. शाळा घिवली परिसरातली. एका बाजूला दर्या, शेजारी अणुऊर्जा केंद्र, पलीकडे बोईसरचे कारखाने. मुलं रोज त्याच वाटेने येतात, तरी बहुतेकांच्या खुणा तीन-चारच्या पुढे गेल्या नाहीत. दुकान, रिक्षा स्टँड, टॉवर, संपलं. डीएडला असताना 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. पण जे ज्ञात आहे असं आपण धरून चालतो, तेच मुलांनी नीट पाहिलेलं नसेल तर? म्हणून हा खेळ. आज तो समजावून सांगते, आमचं काय चुकलं तेही सांगते.

खेळ नेमका काय आहे?

खेळ अगदी सोपा आहे. एक जण सायकल घेऊन परिसरातल्या एखाद्या ओळखीच्या खुणेजवळ जातो. खुणेला लागून सायकल उभी करतो आणि फोटो काढतो. जागेचं नाव सांगत नाही. बाकीच्यांनी फोटो बघून ती जागा ओळखायची, तिथे सायकलने जायचं आणि आपली सायकल त्याच जागी, त्याच कोनात उभी करून फोटो काढायचा. ज्याला जागा सापडली त्याने पुढची नवी खूण निवडायची आणि तिचा फोटो द्यायचा. असा खेळ पुढे पुढे सरकत राहतो. याला शेवट नाही आणि खर्चही नाही.

अमेरिकेतल्या सिएटल, पोर्टलंड अशा शहरांत मोठी माणसं हा खेळ 'बाईक टॅग' या नावाने खेळतात. 'टॅग' म्हणजे आपली शिवाशिवी. इथे माणसाला शिवायचं नाही, जागेला शिवायचं, एवढाच फरक.

खुणा शोधण्याचे खेळ तसे जुनेच. १९१९ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ अर्न्स्ट किलांडर यांनी नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातली ठिकाणं शोधत पळण्याची मोठी स्पर्धा भरवली. तोच आजचा 'ओरिएंटिअरिंग' हा खेळ. पुढे मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संदेशांमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसालाही जागा अचूक कळू लागली. लगेच ३ मे २००० रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर या माणसाने रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून 'जिओकॅशिंग' सुरू झालं.

या दोन्हींपेक्षा सायकलचा खेळ प्राथमिक शाळेला जवळचा वाटतो. होकायंत्र नको, जीपीएस नको. लागतात ती फक्त उघडी नजर आणि हवा भरलेली दोन चाकं.

पहिल्या वेळी काय चुकलं?

पहिल्यांदा मी एक मोठी चूक केली. जो आधी पोहोचेल त्याला गुण, असं ठरवलं. मुलांना चुरस आवडते, म्हणून. शनिवारी फोटो दाखवला आणि मुलं सुटली. एका गटाने गावातली आतली वाट सोडून मोठा रस्ता पकडला, कारण तो 'शॉर्टकट' होता. आपल्याकडचे मोठे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. कारखान्यांचे टँकर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या. मागून टँकरचा हॉर्न वाजला आणि एक मुलगा घाबरून रस्त्याच्या कडेच्या खडीत पडला. गुडघा आणि कोपर सोलपटलं. तेवढ्यावर निभावलं.

सोमवारी त्याची आई शाळेत आली. भांडली नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, हा खेळ आहे का शर्यत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेळ बंद केला. दोन महिने त्याचं नावही काढलं नाही. मग मुलंच विचारायला लागली, "मॅडम, फोटोचा खेळ परत कधी?" तेव्हा बसून नियम पुन्हा लिहिले. या वेळी ते लिहायला मुलं होती आणि चार पालकही होते. ती आई त्यात होती.

आमचे सुधारलेले नियम

१. वेळेला गुण नाहीत. एका खुणेसाठी पूर्ण आठवडा. गुण फक्त बरोबर जागेला आणि जागेच्या माहितीला.

२. चार मुलांचा गट आणि सोबत एक मोठं माणूस. एकट्याने जायचं नाही.

३. खूण गावाच्या आतल्या रस्त्यांनी गाठता येईल अशीच हवी. मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर उतरून, सायकल हातात धरून, मोठ्या माणसासोबत.

४. डबलसीट नाही. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांना गटातली सायकल पाळीपाळीने. गटाचा वेग म्हणजे चालणाऱ्याचा वेग.

५. निघण्याआधी तपासणी : हवा, ब्रेक, चेन, घंटी. दोन्ही ब्रेक लागत नसतील तर ती सायकल घरीच.

६. फोटोत सायकल आणि खूण, बस्स. कोणाही मुलाचा किंवा गावकऱ्याचा चेहरा नको.

७. कोणाच्या वाडीत, अंगणात, होडीजवळ फोटो काढायचा तर आधी विचारायचं. 'काका, इथे सायकल लावू का?' हा प्रश्न म्हणजे अर्धा खेळ. कारण तो विचारला की काका त्या जागेची गोष्ट सांगतातच.

फोन मुलांच्या हातात द्यायची गरज नाही. सोबतच्या मोठ्या माणसाच्या फोनवर एक फोटो पुरतो. फोनच नसेल तर चित्र काढा. खरं सांगू का, चित्र काढणाऱ्या गटाने खूण जास्त बारकाईने पाहिली. फोटो एका क्षणात निघतो. चित्र काढायला तिथे बसावं लागतं.

चांगली खूण कोणती?

खूण म्हणजे नेहमी किल्ला नि देऊळच असं नाही. चांगल्या खुणेला तीन गोष्टी हव्यात. ती जागची हलणारी नको, तिच्यासारखी दुसरी जवळपास नको आणि तिच्यामागे विचारण्यासारखं काहीतरी हवं. विहिरीच्या काठावर दोरीने पडलेल्या खाचा, शिवेचा जुना दगड, वडाचा पार, बोंबील वाळत घालायच्या काठ्या, डायमेकिंगच्या जुन्या कारखान्याची खिडकी, हे सगळं चालतं. 'उभी असलेली गाडी' चालत नाही. पहिल्या आठवड्यात एका गटाने तीच दिली होती!

मोठ्या खुणा लागल्या तर आपल्या तालुक्यात कमी नाहीत. या मात्र पालकांसोबत सुट्टीत बघायच्या :

तारापूरचा किल्ला : चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. या लढाईत बाजी भिवराव हे नावाजलेले सरदार मारले गेले.

शिरगावचा किल्ला : सातपाटीच्या शेजारी, समुद्राकाठी.

पालघरचा हुतात्मा स्तंभ : १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत' आंदोलनात पालघरला गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांतले काशिनाथ हरी पागधरे सातपाटीचे आणि गोविंद गणेश ठाकूर नांदगावचे. नांदगाव तर आपल्याच किनारपट्टीवरचं. पुस्तकातला इतिहास सायकलच्या अंतरावर असतो तो असा.

आता एक गंमत. मी एकदा फोटोसोबत 'तारापूर' एवढाच एक शब्द दिला. तीन गट तीन दिशांना जायला निघाले! एकाला वाटलं तारापूर गाव, जिथे किल्ला आहे. दुसऱ्याला वाटलं तारापूर एमआयडीसी. ती तर बोईसरला आहे. तिसऱ्याला वाटलं तारापूर अणुऊर्जा केंद्र, ते आपल्या घिवली-अक्करपट्टीच्या बाजूला. एक नाव आणि तीन जागा. मग वर्गात प्रश्न निघाला, असं का झालं? उत्तर मुलांनीच शोधलं : मोठे प्रकल्प आले तेव्हा आसपासच्या सगळ्यात जुन्या, प्रसिद्ध गावाचं नाव त्यांना मिळालं आणि ज्यांच्या जमिनीवर ते उभे राहिले त्या लहान गावांची नावं मागे पडली. नकाशा वाचायचा म्हणजे नुसती नावं वाचायची नाहीत, नाव आणि जागा जुळते का तेही बघायचं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

जिथे फोटो काढायचाच नाही

हा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आपल्या शेजारी आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झाली. मुलांना ती सगळ्यात मोठी खूण वाटणार, हे उघड आहे. पण १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार काही जागा 'प्रतिबंधित' असतात. तिथले फोटो किंवा चित्र काढणं हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून आमचा नियम असा : केंद्राचं गेट, कुंपण, फलक, पहारा यांचा फोटो नाही. दुसऱ्या खुणेच्या मागे ते दिसत असतील तर कोन बदला किंवा खूण बदला. आणि इथे 'चित्र काढतो' ही पळवाटही चालणार नाही.

रेल्वेरूळ, फाटक, कारखान्यांची आवारं, नाल्यांचे कठडे हेही वर्ज्य.

मुलं विचारतात, "का नाही काढायचा?" त्यांना गप्प बसवू नका. नागरिकशास्त्राचा धडा तिथेच सुरू होतो. सार्वजनिक जागा कोणती, खाजगी कोणती, सुरक्षित ठेवायची कोणती आणि हे ठरवतं कोण?

खेळातून कोणता अभ्यास होतो?

गणित : चाकाच्या कडेला खडूने खूण करा. खूण जमिनीला टेकलेली असताना सुरुवात करा, चाक एकदा पूर्ण फिरवा आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. २४ इंची चाकाचा व्यास साधारण ६१ सेंटिमीटर. त्याला ३.१४ ने गुणलं की परीघ १९१ सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे एक किलोमीटर जायला चाक सुमारे ५२३ वेळा फिरतं. आता आरीला लाल रिबीन बांधा आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, सायकल हातात धरून, शाळेच्या गेटपासून पारापर्यंत चाकाचे फेरे मोजा. पाय नावाची संख्या मुलं त्यानंतर विसरत नाहीत. टेपने मोजलेलं आणि गुणाकाराने आलेलं अंतर थोडं वेगळं आलं तर घाबरू नका. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा टायरची जाडी वेगळी असेल तर फरक पडतो. 'फरक का पडला?' हा विज्ञानाचा प्रश्न झाला.

भाषा : खूण सापडलेल्या गटाने वाट लिहून आणायची. किमान दहा वाक्यं, त्यात दिशादर्शक शब्द. दुसऱ्या गटाने ती वाचून त्याच वाटेने जायचं. वाक्य चुकलं की माणूस चुकतो! शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईने जे समजत नाही ते इथे पायांना समजतं.

भूगोल : याची एक गोष्टच सांगते. एका गटाने पौर्णिमेच्या सुमारास संध्याकाळी फोटो काढला. पुढे काठावर सायकल, मागे समुद्रातून वर आलेली काळ्या खडकांची रांग. पुढच्या शनिवारी तीन गट किनारा फिरून आले. खडक कुठेच नाहीत! दुपारी ओहोटीला गेले, तरी नाहीत. "मॅडम, फोटो दुसऱ्या गावचा आहे," अशी तक्रार आली. वर्गात एक मुलगी सहसा बोलत नाही. ती हळूच म्हणाली, "आता भांग आहे. खडक अमावास्येला दिसतील." तिचे वडील दर्यावर जातात.

तिचं म्हणणं खरं ठरलं. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. पाणी खूप वर चढतं, तसंच ओहोटीला खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात असते, म्हणून भांग. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. ते खडक उधाणाच्या ओहोटीलाच उघडे पडतात. भरतीची वेळ काढायचा ठोकताळाही तिने सांगितला : तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्याचंच हे गणित. अर्थात हा अंदाज झाला. किनाऱ्यावर जायचं तर मोठं माणूस सोबत हवंच आणि पाणी चढत असताना वाळूत उतरायचं नाही, हा नियम पक्का.

त्या दिवशी आमच्या वर्गात भरती-ओहोटीचा धडा एका मुलीने शिकवला. मी फळ्यावर आकृती काढली, एवढंच.

(किनाऱ्याहून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने पुसा आणि चेनला तेल द्या. खारी हवा चेन खाते.)

न सापडणारी खूण

आता शेवटची गोष्ट. हिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आमच्या भागात पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं होती. अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी ती उठली. या अणुभट्ट्या २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या. आमच्या वर्गातल्या मुलांचा जन्म त्यानंतरचा. एका मुलाचे आजोबा पोफरणचे. खेळात त्यांच्या नातवाची खूण निवडायची पाळी आली, तेव्हा त्याने घरी विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठली खूण दिली असती?"

आजोबांनी एक विहीर सांगितली. तिच्याकडे जाणारी वाट, वाटेवरचं चिंचेचं झाड, वळणावरचं घर, उन्हाळ्यात पाणी किती खाली जायचं ते, सगळं सांगितलं. नातवाने विचारलं, "फोटो आहे?" फोटो नव्हता. लग्नातले फोटो होते, पण विहिरीचा फोटो कोण काढतो?

मुलगा सोमवारी रिकाम्या हाताने आला. म्हणाला, "मॅडम, माझी खूण आहे, पण तिथे जाता येत नाही." नियमाप्रमाणे ती बाद होत होती. वर्गाने ठरवलं, बाद करायची नाही. शनिवारी आजोबांना शाळेत बोलावलं. ते सांगत गेले आणि मुलं काढत गेली. "नाही नाही, चिंच अजून इकडे," असं म्हणत त्यांनी चार वेळा झाड हलवायला लावलं. पाचव्या वेळी ते काही बोलले नाहीत, नुसतं चित्राकडे बघत बसले. चित्राखाली मुलांनी लिहिलं : 'न सापडणारी खूण, क्रमांक १'.

प्रकल्प हवे होते की नको, हा या लेखाचा विषय नाही. वीज आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे. मुद्दा एवढाच की, जी खूण कोणी टिपून ठेवली नाही, ती सांगणारं माणूस गेलं की तीही जाते. आणि गावं काही फक्त प्रकल्पानेच बदलत नाहीत. रस्ता रुंद होतो, वड तुटतो, विहीर बुजते, कौलं जाऊन स्लॅब येतो. रोज थोडं थोडं बदलतं, म्हणून कळत नाही.

म्हणून आता आम्ही 'खुणांची वही' ठेवली आहे. प्रत्येक खुणेला एक पान. फोटो किंवा चित्र, तारीख, वाट, आणि 'ही माहिती कोणी सांगितली' अशी एक ओळ. एकोणीस पानं भरली आहेत. त्यांतली तीन न सापडणाऱ्या खुणांची.

तुम्ही सुरुवात कशी कराल?

पहिल्या आठवड्यात सायकल बाहेर काढूच नका. शाळेच्या आवारातल्या पाच वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढा आणि मुलांना त्या ओळखायला सांगा. दुसऱ्या आठवड्यात पायी, शाळेच्या आसपास. तिसऱ्या आठवड्यात पालकसभा, नियम आणि सायकलींची तपासणी. मग चौथ्या आठवड्यात पहिली खूण. ती शिक्षकांनी द्यावी आणि सोपी द्यावी. वर्षभरात दहा खुणा झाल्या तरी भरपूर.

पडलेल्या मुलाची आई आता आमच्या एका गटासोबत जाते. परवा मला म्हणाली, "मॅडम, माझं माहेर इथलंच, तरी ती विहीर मी पहिल्यांदा बघितली."

तुमच्या गावात अशी एखादी विहीर नक्की असेल. या रविवारी सायकलमध्ये हवा भरा, मुलांना सोबत घ्या आणि जाऊन बघा.